आत्याच्या अंगणाचा ढाळ

आमच्या घरात पृथ्वीचा परीघ ३३,७०० किलोमीटर भरला. पुस्तकात तो ४०,००० च्या आसपास असतो हे मला ठाऊक होतं आणि लेकीला नव्हतं. त्या दिवशी दुपारी मी जे केलं त्याची मला अजून थोडी लाज वाटते. पण आधी तिथपर्यंत कसे पोचलो ते सांगते.

लेक आता अकरा वर्षांची आहे. तिसरीपासून ती घरीच शिकते. का, कसं, 'मग दहावीचं काय?' या प्रश्नांची उत्तरं मी लग्नकार्यात इतक्यांदा दिली आहेत की आता फक्त 'बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म असतो, एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय असतं, बसता येतं' एवढं म्हणून जेवायच्या पंगतीकडे सरकते. भाषा, गणित, इतिहास यांचं आमचं बरं चाललं होतं. अडायचं ते विज्ञानात. मी कला शाखेची. प्रयोगशाळेची माझी आठवण म्हणजे कपाटात कुलूपबंद ठेवलेली चंचुपात्रं आणि वहीत पेन्सिलीनं काढलेल्या त्यांच्या आकृत्या.

त्यामुळे सुरुवातीला मी पैसे टाकून मोकळी झाले. दर महिन्याला घरी येणारे ते विज्ञानाचे खोके असतात ना, ते लावले. त्यात सगळं मोजूनमापून, पुड्या करून आलेलं. ज्वालामुखी झाला, म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर. फसफसलं, टाळ्या झाल्या, वीस मिनिटांत खेळ खलास. लेकीनं विचारलं, 'आता?' मी म्हटलं, 'आता पुढच्या महिन्यात.' चार खोक्यांनंतर माझ्या लक्षात आलं की त्यातलं काहीच कधी चुकत नव्हतं. चुकायला जागाच ठेवलेली नव्हती.

खरा प्रयोग घडला तो फुकटात. आमच्या रस्त्यावर मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिथून लेक तांब्याच्या तारेचं भेंडोळं घेऊन आली, खिळ्यावर गुंडाळलं, सेल जोडला. टाचणी हलेना. सेल बदलला, तरी हलेना. मी त्या तारेला मनातल्या मनात 'भंगार' म्हणून मोकळी झाले होते. ती मात्र दुसऱ्या दिवशी परत दुकानात गेली. दुकानदार हसले आणि तारेची टोकं पॉलिशपेपरनं खसखसून घासून दाखवली. त्या तारेवर वार्निशचा थर असतो, दिसत नाही, पण वीज अडवतो. घरी येऊन तिनं टोकं घासली आणि सात टाचण्या झुंबरासारख्या लटकल्या. आकडा तिनं भिंतीवर लिहून ठेवला आहे, रंग काढताना तेवढा भाग सोडायचा असं फर्मान आहे.

त्यानंतर खोकी बंद केली. पुण्यातल्या आयुका या खगोलसंस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून केलेली खेळणी, त्यांची फुकट मिळणारी मराठी पुस्तकं यांवर आमचं एक वर्ष छान गेलं. आणि मग आली सावली.

निमित्त साधं होतं. कुठल्याशा जुन्या पुस्तकात 'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' असं वाक्य होतं. लेक म्हणाली, 'बघूया का?' फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, ऊन सोसण्यासारखं. गच्चीत कुंडीत काठी रोवली. काठीभोवती खडूनं वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक आत येताना वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खूण आणि वेळ, दुपारी बाहेर जाताना शिवेल तिथे पुन्हा खूण आणि वेळ. दोन वेळांच्या मधोमध सूर्य सगळ्यात वर. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषग्रंथांत या काठीला शंकू म्हणतात आणि रीत हीच आहे.

पहिल्या दिवशी मध्य आला एक वाजून दोन मिनिटं. दुसऱ्या दिवशी बारा अडतीस. तिसऱ्या दिवशी कुंडीला मांजरानं धक्का दिला. मी म्हटलं, 'जाऊ दे, साधारण बाराच.' ती म्हणाली, 'साधारण म्हणजे काय?'

शेजारी बांधकाम चालू होतं. तिथल्या परांचीवर बसून डबा खाणारे गवंडीकाका आमचा हा उद्योग तीन दिवस वरून बघत होते. सोलापूरकडचे. चौथ्या दिवशी त्यांनी कठड्यावरून हाक मारली, 'ताई, काठीच कललीय की वो तुमची. ओळंबा सोडा.' आणि खाली येऊन त्यांनी स्वतःचा जुना ओळंबा लेकीच्या हातात ठेवला.

ओळंबा मी जन्मभर लांबून पाहिला होता. हातात घेतल्यावर कळलं, काय शहाणी वस्तू आहे. खाली लोखंडी लंबक, वर दोरी, आणि दोरीवर सरकणारा एक लाकडी ठोकळा. ठोकळ्याची रुंदी लंबकाच्या जाडीएवढीच असते. ठोकळा भिंतीला वर टेकवायचा, लंबक खाली सोडायचा. लंबक भिंतीला नुसता शिवला, तर भिंत उभी. भिंतीवर रेलला किंवा भिंतीपासून सुटा राहिला, तर भिंत कललेली. यात सेल नाही, काच नाही, बिघडण्यासारखं काही नाही. काकांनी तिला हेही सांगितलं, 'बाळा, गुण्या फरशीला खरा असतो, ओळंबा जमिनीला.' मला ते तेव्हा नुसतं छान वाक्य वाटलं. गुण्या म्हणजे काटकोन बघायचा लोखंडी कोन. या वाक्याचा अर्थ मला कळायला मे महिना उजाडला.

लेकीनं काठीच काढून टाकली. कपडे वाळत घालायच्या दांडीला ओळंबा टांगला आणि सासूबाईंच्या तुटलेल्या माळेतला एक मोठा लाकडी मणी दोरीवर बरोबर एक मीटर उंचीवर बांधला. दोरी काही कलू शकत नाही. आता मण्याची सावली बघायची. त्या दिवशी खुणा झाल्या अकरा वीसला आणि दोन अठराला. मध्य बारा एकोणपन्नास. दुसऱ्या दिवशी पन्नास, तिसऱ्या दिवशी पुन्हा एकोणपन्नास.

मला वाटलं, अजून कुठेतरी चुकतंय. पाऊण तासाचा फरक कसा असेल? सासूबाई तिथेच शेंगा फोडत बसल्या होत्या. या सगळ्या प्रकाराला त्यांचा विरोध जुना आहे, 'शाळेत घालायचं सोडून पोरीला उन्हात बसवलंय.' पण पंचांगात त्यांचा हात धरणारं घरात कोणी नाही. त्यांनी विचारलं, 'आज उगवती कितीची?' पेपरात पाहिलं, सात चार. मावळती सहा चौतीस. त्यांनी शेंगा न थांबवता तोंडी हिशोब केला, 'साडेअकरा तासांचा दिवस. निम्मे पावणेसहा. सात चारात मिळव.' बारा एकोणपन्नास! लेक उडीच मारून उठली. सासूबाई म्हणाल्या, 'अगं, त्यात काय. अभिजित मुहूर्त काढतात तो असाच. आणि आपल्या राममंदिरात जन्म बारा चाळीसला का होतो वाटतं तुला?' मी चाळीस वर्षं रामनवमीचा सुंठवडा खाते आहे, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

कारण मग शोधलं. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, म्हणजे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर. पुणे त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडं जास्त. एका अंशाला चार मिनिटं धरली की पस्तीसेक मिनिटं झाली. उरलेली चौदा? ती पृथ्वीच्या लंबगोल कक्षेची आणि कललेल्या आसाची करामत. ती वर्षभर बदलत राहते, म्हणून पुण्याचा खरा मध्यान्ह फेब्रुवारीत बारा एकोणपन्नासला येतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा अठराला. हे मला पुरतं समजवायला एका हौशी आकाशनिरीक्षक ओळखीच्यांना दोन संध्याकाळी आणि एक मोसंबं खर्ची घालावं लागलं. लेकीला पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं, ती मोसंबं सोलत बसली.

तेव्हाच त्यांनी शून्य सावलीचं सांगितलं. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या बरोबर माथ्यावरून सूर्य वर्षातून दोनदा जातो. पुण्यात मेच्या तेरा-चौदा तारखेला, आणि परतीच्या वाटेवर जुलैच्या शेवटी. दिल्लीकरांच्या नशिबात हे नाही. मग ओघानं इरॅटोस्थेनिसची गोष्ट निघाली. साधारण बावीसशे वर्षांपूर्वी, अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा हा प्रमुख. दक्षिणेला साईनीला, म्हणजे आजच्या आस्वानला, एका ठरावीक दिवशी भर दुपारी सावली नाहीशी होते, त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र ती पडते. तिथल्या उभ्या काठीशी सूर्यकिरणांचा होणारा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला. म्हणून पृथ्वीचा परीघ त्या दोन गावांमधल्या अंतराच्या पन्नास पट.

लेक म्हणाली, 'मडगावला आत्या आहे.'

नकाशा काढला. मडगाव पुण्याच्या जवळजवळ सरळ खाली आहे, दोन्हीकडचे मध्यान्ह अर्ध्या मिनिटाच्या आत. याहून चांगली आत्या मिळणं शक्य नव्हतं. अंतराचा मात्र घोळ झाला. लेकीनं आधी गाडीचं अंतर धरलं, ते साडेचारशेच्या पुढे. मग घाट, वळणं आठवली. सरळ रेषेत मोबाइलच्या नकाशावर ३६० किलोमीटर आले. आमचे आकाशनिरीक्षक म्हणाले, 'ही तशी चोरीच आहे. पृथ्वी केवढी हे माहीत असल्याशिवाय तो नकाशा झालाच नसता.' लेकीनं वहीत लिहिलं, 'अंतर : ३६० (चोरीचं).'

आत्याला फोनवर सूचना गेल्या. एक मीटर लांब काठी, सरळ उभी. पंधरा वर्षं गोव्यात राहून वन्सं आता निवांत झाल्या आहेत, पण भाचीचं काम म्हटल्यावर त्यांनी जळमटं काढायच्या झाडूचा बांबू कापला, रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून त्यात रोवला, आणि शेजारच्या सुताराकडून गुण्या आणून चारी बाजूंनी फरशीशी काटकोन तपासला. फोटो पाठवला. मी 'वा वा' म्हणाले. गवंडीकाकांचं वाक्य मला तेव्हा आठवायला हवं होतं.

१४ मे. वळवाचे ढग दुपारनंतर जमायचे, सकाळ कोरडी होती. सव्वाबाराला आम्ही तिघी गच्चीत. सासूबाई छत्री घेऊन आल्या आणि पहिली पाच मिनिटं छत्रीची सावली मण्यावर पडत असल्यामुळे त्यांना ओरडा खावा लागला. वर सूर्याकडे कोणीही बघायचं नाही हा एकच कायदा, बाकी सगळ्यांच्या माना खाली. मण्याची सावली ओळंब्याच्या दिशेनं सरकत होती, फिकट, काठ विरघळलेले. सूर्य हा ठिपका नसून अर्ध्या अंशाची थाळी आहे, म्हणून सावलीला धारदार कड नसतेच. बारा वाजून एकतीस मिनिटांनी ती ओळंब्याच्या टोकावर येऊन बसली आणि दोरीची म्हणून जी सावली होती ती गेली. लेक उभी राहिली, तिची सावली तिच्या पायांखाली चुरगळून पडलेली. सासूबाईंनी छत्री मिटली आणि स्वतःच्या पायांकडे बराच वेळ बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

तेवढ्यात आत्याचा फोन. 'अगं, सावली उलट्या बाजूला पडलीय! दक्षिणेला!' बरोबरच होतं. मडगावच्या माथ्यावरून सूर्य मेच्या पहिल्या तारखेच्या आसपासच उत्तरेला निघून गेला होता. 'किती सेंटिमीटर?' 'सहा पूर्णांक सात. कड पुसट आहे, मी मधला धरलाय.'

लेकीला टॅन-बिन येत नाही. तिनं असं केलं : एक मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्याचा घेर ६२८ सेंटिमीटर. त्यात ६.७ सेंटिमीटरचे तुकडे किती? सुमारे ९३.७. म्हणजे पुणे ते मडगाव हा पृथ्वीचा ९३.७ वा भाग. गुणिले ३६०. सुमारे ३३,७०० किलोमीटर.

आता माझ्या लाजेची गोष्ट. ती गुणाकार करत होती तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन, मोबाइलवर, उलटा हिशोब केला. उत्तर चाळीस हजार यायला सावली किती हवी? ५.७. बाहेर येऊन मी अगदी सहज म्हटलं, 'आत्यानं पट्टी वाचताना चूक केली असेल. पाच पूर्णांक सात असेल. तसं लिही.' आकडा इतका जवळचा होता, ६.७ आणि ५.७, की मला ते मनापासून पटलंही होतं. शाळेत असताना आम्ही प्रयोगवहीत दुसरं काय करत होतो? आधी उत्तर, मग निरीक्षणं.

लेकीनं वर पाहिलं. 'तू होतीस का तिथे?'

'नाही, पण…'

'मग तुला कसं माहीत?'

मला 'कारण खरं उत्तर चाळीस हजार आहे' असं म्हणावं लागलं. ती भयंकर चिडली. उत्तर चुकलं म्हणून नाही, मला आधीपासून माहीत होतं म्हणून. 'मग आपण कशाला मोजत होतो?' असं म्हणून वही मिटली ती दोन दिवस उघडली नाही. घरी शिकवणाऱ्या आईची एक अडचण असते. शाळेतल्या बाईंवर रुसलं तर घरी आई असते, इथे रुसून जायला दुसरं घरच नाही. ती सासूबाईंच्या खोलीत झोपली.

तिसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन आत्याला फोन लावला. मी कांदा चिरताना ऐकत होते. 'आत्या, काठी अजून आहे का? हलवली नाहीस ना? मग दोऱ्याला काहीतरी जड बांध. कुलूप चालेल. काठीच्या वरच्या टोकाला धर आणि खाली सोड.' वन्संनी व्हिडिओ पाठवला. बांबूच्या टोकापासून दोरा, दोऱ्याला गोदरेजचं कुलूप. आणि खाली, बांबूचं बूड आणि दोरा यांच्यामध्ये चक्क अंतर! बांबू बागेकडे, म्हणजे दक्षिणेला झुकलेला. पट्टीवर नऊ मिलिमीटर.

मग मला कळलं. अंगणाच्या फरशीला ढाळ असतो, पावसाचं पाणी बागेकडे वाहून जावं म्हणून. कुठलाही गवंडी तो देतोच, गोव्यात तर जरा जास्तच देत असेल. गुण्यानं काठी फरशीशी अगदी चोख काटकोनात बसली होती आणि फरशीबरोबर कलली होती. गुण्या फरशीला खरा, ओळंबा जमिनीला. आत्यानं पट्टी वाचण्यात काडीची चूक केली नव्हती.

६.७ मधून ०.९ गेले, ५.८. ६२८ भागिले ५.८, गुणिले ३६०. जवळपास ३९,०००.

मी विचारलं, भीतभीतच, 'आता हे लिहायला चालतं? मी सांगितलं तेव्हा चोरी होती, आता नाही?' ती म्हणाली, 'तू उत्तरातून काढलं होतंस. आम्ही कुलपातून काढलं.' वहीत दोन्ही आकडे आहेत. ३३,७०० वर काट नाही, शेजारी फक्त 'ढाळासकट' असं लिहिलं आहे आणि खालच्याच्या शेजारी 'ढाळ वजा'.

हे सगळं तिनं एका विज्ञानस्पर्धेला पाठवलं. फॉर्मवर शाळेचं नाव आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का हवा होता. तिनं शाळा म्हणून आमच्या घराचं नाव लिहिलं, सही सासूबाईंनी केली, शिक्क्याच्या जागी बटाट्याचा ठसा. फॉर्म परत आला. त्यावर मी थोडी चिडचिड केली, पत्रही लिहिलं, उत्तर आलं नाही. सासूबाईंना मात्र आपली सही चालली नाही याचं फार लागलं. शाळेत घाला म्हणणं त्या दिवसापासून बरंच कमी झालं आहे.

गवंडीकाकांचं काम जूनमध्ये संपलं. ओळंबा परत करायला गेलो तर म्हणाले, 'राहू द्या पोरीकडं, मला नवा घेतलाय.' तो दांडीलाच असतो, त्यावर कधी कधी मोजे वाळत असतात.

जुलैच्या ३० तारखेला सूर्य परतीच्या वाटेवर पुन्हा पुण्याच्या माथ्यावर यायचा होता. बारा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी. सकाळपासून झड लागली होती. मी म्हटलं, आज काही दिसायचं नाही. ती रेनकोट घालून वर गेली, मोजे काढले, मणी एक मीटरवर सरकवला आणि पंधरा मिनिटं उभी राहिली. खाली आल्यावर ओल्या हातानं वहीत लिहिलं. शाई थोडी फुटली आहे, पण वाचता येतं :

'३० जुलै. १२.४१. ढग. सावली नाही. याला शून्य सावली म्हणायचं का? आजीला विचारणे.'